तिसऱ्या विहिरीतली मोहोर

मधुअण्णानं ती पिशवी माझ्या हातात दिली तेव्हाच मला शंका आली. धारवाडचं घर कायमचं आवरून तो पुण्याला मुलाकडे निघाला होता. वाटेत वडगावला आमच्याकडे दोन तास थांबला, चहा घेतला, गुडघ्यांची रड सांगितली आणि उठता उठता म्हणाला, "ही तुमच्या गावाची पिशवी. आता माझ्यानं पंचगिरी होत न्हाय. बघ, न्हायतर बंबात घाल." मधुअण्णा माझा मामेभाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याला मी चांगली ओळखते. पंचेचाळीस-पन्नास वर्षं जपलेली वस्तू माणूस बंबात घालायला देत नाही. त्यातलं काहीतरी मी वाचावं असं त्याच्या मनात होतं आणि काय ते त्याला तोंडानं सांगायचं नव्हतं.

चार दिवस मी पिशवी कपाटावर टाकून दिली. पाचव्या दिवशी दुपारी नाडी सोडली. आत पोस्टकार्डांचे तीन गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. आधी वास आला. वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा, जुन्या कागदाचा, आणि मधल्या गठ्ठ्याला, खोटं वाटेल, अजून तंबाखूचा. तो निपाणीच्या बाळूचा गठ्ठा. वरचा माझा, माझं तिरकं, घाईतलं अक्षर मी लांबून ओळखलं. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या कार्डांच्या कडा ओल लागून फुगलेल्या होत्या, शाई पसरली होती. ती लोंढ्याची कार्डं. त्या गठ्ठ्याला मी त्या दिवशी हात लावला नाही.

तेव्हा आमच्या गल्लीत घरटी माग होता. सकाळी उठावं तर सुताला लावायची खळ शिजत असायची, तिचा आंबूस वास अंथरुणापर्यंत यायचा. रस्त्याच्या कडेला रंगवलेलं सूत बांबूवर वाळत असायचं, सायकलवाले अंग चोरून जायचे, आणि एखाद्याची चिखलाची चप्पल सुताला लागली की अख्ख्या गल्लीच्या शिव्या खायचा. दिवसभर धोट्याची खटाखट. ती इतकी अंगवळणी पडलेली की माग बंद पडला तरच आम्ही दचकायचो. शाळेतून आले की मी रहाटावर कांड्या भरायला बसायची आणि मांडीखाली कार्ड दडवून ठेवायची. मागाचा आवाज थांबला की कार्ड आत सरकवायचं, सुरू झाला की पुढचं वाक्य लिहायचं. माझी निम्मी कार्डं अशी लिहिलेली आहेत. काहींवर सुताचा निळा रंग अजून दिसतो.

वत्सला माझ्या वर्गात होती. तिचे वडील लोंढा जंक्शनवर हमाल. टपालाच्या थैल्या या गाडीतून उतरवायच्या, त्या गाडीत चढवायच्या, हे त्यांचं काम. ती आमच्या मागच्या गल्लीत मावशीकडे राहून शिकत होती. मावशीच्या घरात शिरलं की समोर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे रोज ताजं जास्वंद. चौथीपासून सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. मग मावशीचं बिऱ्हाड हललं आणि वत्सला लोंढ्याला परत गेली. मी इतकी रडले की आईनं वैतागून धपाटा घातला. त्या सुट्टीत मधुअण्णा आलेला, नुकताच धारवाडला कॉलेजात गेला होता आणि मिशी फुटल्यामुळे फार शहाणा झाला होता. म्हणाला, "रडतीस कशाला गं? कार्डावर गाव वसवूया. तिथं भेटा की रोज."

गावाचं नाव सातबाव. सात विहिरींचं गाव. प्रत्येकानं त्या गावातला एक माणूस व्हायचं आणि तो माणूस काय करतो, काय बोलतो, ते कार्डावर लिहायचं. सगळ्यांना कळायचं ते गावकार्ड. ते प्रत्येक गड्याला एकेक धाडायचं. गुपचूप करायचं ते पंचकार्ड. ते फक्त मधुअण्णाला, धारवाडच्या पत्त्यावर. महिनाअखेरीला मधुअण्णा निळ्या अंतर्देशीय पत्रात गावाची हकीकत लिहून तिघांना पाठवायचा. तो पंच. पंचानं एकाचं पंचकार्ड दुसऱ्याला दाखवायचं नाही, जीव गेला तरी.

नियम त्यानं फुलस्केपवर लिहून दिले होते. आपण आपलाच माणूस हलवायचा, दुसऱ्याचा नाही. म्हणजे 'गोदानं पैलवानाला ढकललं' असं मी लिहू शकते, पण 'पैलवान पडला' असं नाही. पडायचं की नाही ते पैलवान ठरवणार. खेळाबाहेर कळलेलं खेळात वापरायचं नाही. कुणाच्या माणसाला मारायचं असलं तर आधी त्याला विचारायचं. पत्र उशिरा आलं तर थांबायचं, मागं सोडून पुढं पळायचं नाही. आणि तक्रार असली तर आधी पंचाकडे, तीही बंद पत्रातून. उघड्या कार्डावर कुणाला वाईट लिहायचं नाही. ह्या शेवटच्या नियमाखाली त्यानं दोनदा रेघ मारली होती. मी तेव्हा विचारलं होतं, दोनदा का? म्हणाला, "तुझ्यासाठी."

मी झाले गोदा कासारीण. बांगड्या भरायला घरोघरी जाणारी, सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या ऐकणारी. निपाणीचा बाळू, माझा आतेभाऊ, तो पैलवान झाला. खरा बाळू वाऱ्यानं उडेल असा होता. वत्सलाचं पहिलं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ, "मी पाटील." आईला वाचून दाखवलं तर ती माग थांबवून हसली. "पाटील! घ्या आता." वत्सला आमच्याकडे यायची तेव्हा तिच्यासाठी आई कान तुटलेला एक कप खिडकीत वेगळा ठेवायची. मी तो कप रोज बघायची आणि एकदाही काही बोलले नाही. आईच्या त्या हसण्यात मीही हसले, हे आज लिहिताना लाज वाटते.

पण पाटील झाली ती! असा पाटील मी खऱ्या गावात अजून बघितलेला नाही. भांडण आलं की दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचा, एक रात्र मध्ये जाऊ द्यायचा आणि मग निवाडा करायचा. बाळूच्या पैलवानानं एकदा गोदाच्या बांगड्यांची टोपली लाथाडली, तर पाटलानं त्याला सात दिवस सातही विहिरींतून बायकांना पाणी शेंदून द्यायला लावलं. बाळू महिनाभर रुसला, तरी त्यानं पाणी शेंदलं. कार्डावर सात दिवसांचा हिशेब लिहून पाठवला, कोणत्या विहिरीचा दोर हाताला लागला ते सुद्धा.

ऋतू आम्हाला कार्डांवरून कळायचे. निपाणीत तंबाखू वखारीत आला की बाळूचं कार्ड हुंगलं तरी शिंक यायची. पावसाळ्यात लोंढ्याचं कार्ड ओलं यायचं, त्यावर कोळशाच्या धुराचा नि कुजलेल्या पाल्याचा वास. वत्सला गावकार्डात लिहायची, "सातबावात आठ दिवस सूर्य दिसला नाही," आणि मला कळायचं, लोंढ्याला दिसलेला नाही. एप्रिलमध्ये करवंदाचा डाग पडलेलं कार्ड यायचं. मी तो डाग जिभेनं चाटून बघितला होता. आमच्या वडगावच्या कार्डांना कसला वास येतो, हे मी वत्सलाला विचारलं होतं. तिनं लिहिलं, "भाताच्या पेजेचा." म्हणजे खळीचा.

आता माझ्या स्वभावाबद्दल. मी संशयी. लहानपणापासून. आमच्या घरात संशय मिठासारखा, प्रत्येक पातेल्यात थोडा पडायचाच. सूत देणारा कमी देतो, शेजारीण कान लावून ऐकते, मास्तर मुद्दाम नापास करतात. मी खेळातही तेच नेलं. बाळूचं अक्षर एकदा गोल दिसलं तर मी मधुअण्णाला बंद पत्र लिहिलं की त्याचा थोरला भाऊ त्याच्या वतीनं लिहितो. चौकशीअंती निघालं की बाळूच्या हाताला गळू झालं होतं. मधुअण्णा वत्सलाला झुकतं माप देतो अशी शंका मला कायमची होती. कार्डावर मी कोपऱ्यात हळदीचा बारीक ठिपका द्यायची आणि मग मधुअण्णाला विचारायची, ठिपका होता का? पुसलेला होता का? तो उत्तर द्यायचा, "होता. पुसला नव्हता. आता अभ्यास कर."

गोदा माझ्यासारखीच होती. तिला पाटलाचं बरं बघवेना. दुसऱ्या वर्षी श्रावणात मी पंचकार्ड टाकलं: गोदानं बांगड्या भरायच्या निमित्तानं पाटलाच्या वाड्यात जाऊन गावाची शिक्क्याची मोहोर चोरली आणि तिसऱ्या विहिरीच्या आतल्या कोनाड्यात ठेवली. दिवाळीपर्यंत मोहोर सापडली नाही तर पाटलाची पाटिलकी जाणार, असा मधुअण्णाचा निवाडा आला. मी रहाटावर बसल्या बसल्या गाणी म्हणू लागले. आईला वाटलं, पोरगी सुधारली.

पाटलानं गावकार्ड काढलं: मोहोर गेली आहे, कुणी काय बघितलं ते सांगा. मी लगेच लिहिलं. गोदा मदतीला धावणारी बाई दिसावी आणि कुणी त्या बाजूला फिरकू नये, म्हणून लिहिलं की तिसरी विहीर मी बघून आले आहे, तिथं काही नाही. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश झाले की कार्ड पुन्हा वाचलं सुद्धा नाही. त्या दिवशी माग सारखा थांबत होता.

बारा दिवसांनी लोंढ्याचं कार्ड आलं. "पाटील आज सकाळी उठले, स्नान केलं आणि सरळ तिसऱ्या विहिरीवर गेले. आत उतरून कोनाड्यात हात घातला. मोहोर मिळाली. कुणी ठेवली ते पाटलांना कळलं आहे, पण गावात बोलणार नाहीत."

सात विहिरी! सहा सोडून नेमकी तिसरी, जी मी बघून आले म्हणून सांगितलं होतं. माझ्या कानात धोटा वाजायला लागला. बातमी फुटली कुठं, याचा विचार करायला मला एक क्षणही लागला नाही. वडगावचं कार्ड धारवाडला जातं ते लोंढ्यावरून. लोंढ्याला थैल्या कोण उचलतं? मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग? तुला काय वाटलं हुतं?" एवढंच. निपाणीच्या बाळूच्या बापावर माझा संशय इतक्या चटकन बसला नसता. हे मला तेव्हाही आतून कुठेतरी माहीत होतं.

मी उघडं कार्ड घेतलं. मुद्दाम उघडं. लोंढ्याच्या पोस्टमनपासून सगळ्या रेल्वे कॉलनीनं वाचावं म्हणून. लिहिलं: "तुझे वडील थैल्यांतली कार्डं काढून वाचतात आणि तुला सांगतात. त्याशिवाय तिसरी विहीर कळणं शक्य नाही. तुमच्याकडून दुसरं काय होणार." त्या 'तुमच्या'मध्ये मी काय काय भरलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. कार्ड पेटीत टाकलं, आत पडल्याचा आवाज ऐकला आणि मला बरं वाटलं. खरंच सांगते, फार बरं वाटलं.

उत्तर आलं नाही. ना गावकार्ड, ना शिवी, ना काही. मधुअण्णालाही मी हाच आळ कळवला होता, त्याचं मात्र पाकीट आलं. "खेळ सरळ झालेला आहे. वत्सलानं फसवलेलं नाही. कसं, ते मला सांगता येत नाही, ते तिच्या पंचकार्डात आहे. तू तिची माफी माग." मी ते फाडून चुलीत घातलं. झुकतं माप देणारा पंच दुसरं काय सांगणार? दिवाळी आली, गेली. सातबावात पुढं काहीच घडलं नाही. बाळूनं दोन कार्डं टाकली, पैलवान आखाड्यात एकटाच बसला आहे म्हणून, आणि मग तोही थांबला.

नंतरच्या वर्षांत मी त्या रेल्वेनं पुष्कळदा गेले. कॉलेजाला, मग लग्नाला, बाळंतपणाला. मीटरगेजची ती गाडी लोंढ्याला बराच वेळ थांबायची. इंजिन पाणी प्यायचं, करवंदवाल्या बायका पानांचे द्रोण घेऊन खिडक्यांशी यायच्या, कुठंतरी थैल्या धपाधप पडायच्या. मी खिडकीतून मागं सरायची आणि झोपल्याचं सोंग घ्यायची. एकदा एक उंच माणूस खांद्यावर थैली घेऊन माझ्या डब्यावरून गेला. थैलीच्या तोंडाला गाठ आणि गाठीवर लाखेचा लाल गोळा. तो मी बघितला. गाडी सुटेपर्यंत मी त्या गोळ्याचा विचार केला आणि मग ठरवलं की लाख काय, पुन्हा लावता येते.

माझा भाचा हल्ली कॉम्प्युटरवर असलाच खेळ खेळतो. कोण कुठली माणसं, तोंड बघितलेलं नाही, नुसतं लिहून लिहून एक राज्य चालवतात. पिशवी उघडली त्या आठवड्यात तो आला होता. नियम सांगायला लागला तर मला हसू आवरेना. दुसऱ्याचा माणूस हलवायचा नाही, बाहेर कळलेलं आत वापरायचं नाही. "वापरलं तर, मावशी, हाकलून देतात," तो म्हणाला. मी विचारलं, "आणि कुणी खोटाच आळ घेतला तर?" म्हणाला, "त्याला तर आधी हाकलतात." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ओटा पुसला.

त्याच संध्याकाळी मी तिसरा गठ्ठा सोडला. वत्सलाची पंचकार्डं. मला पाहिजे होतं ते वरच ठेवलेलं, मधुअण्णाचं काम ते! शाई पसरलेली, पण अक्षर तेच, एकेक मात्रा सरळ उभी.

"मधुअण्णांस पाटलाकडून. गोदाच्या गावकार्डात असं आहे: 'मोहोर गेली असं कळलं तवा मी तिसऱ्या विहिरीवर गेलतो. तिथं काय न्हाय.' 'गेले' असतं तर ऐकल्यावर गेली असा अर्थ झाला असता. 'गेलतो' म्हणजे 'गेले होते', म्हणजे ऐकलं तेव्हा ती आधीच तिथं होती. मग मोहोर तिथंच असणार. पण अण्णा, ती घाईत असली की घरच्यासारखं लिहिते, हे मला माहीत आहे. शाळेत बाई तिला ह्याच्यासाठीच ओरडायच्या. तर ही चूक गोदाची धरायची की तिची? तिची असेल तर मी धरणार नाही, दिवाळीपर्यंत दुसऱ्या विहिरी शोधीन. तुम्ही सांगाल तसं."

खाली मधुअण्णाच्या पेन्सिलीनं, तिला धाडलेल्या उत्तराची नोंद: "कागदावर आलं ते गोदाचं. धर."

आमच्याकडे पोरीबाळी घरात 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. शाळेत गेलं की 'आले, गेले'. दोन्ही जिभा वेगळ्या ठेवायच्या, हे बाईंनी चार वर्षं घोकून घेतलं होतं, आणि माग थांबतोय का इकडं कान देता देता माझी घरची जीभ कार्डावर उतरली. आणि नुसतं 'गेलो' नाही, 'गेलतो'! एका अक्षरानं मी स्वतः सगळ्या गावाला सांगून बसले होते. चोर शोधायला मी लोंढ्याला कशाला गेले?

तरी माझा स्वभाव बघा. मी चष्मा आणला आणि पोस्टाचा शिक्का बघितला. मागाहून लिहून पिशवीत घातलं असेल तर? शिक्का माझ्या त्या उघड्या कार्डाच्या कितीतरी आधीचा होता. मग मात्र मी ते कार्ड हातात धरून बसून राहिले आणि तेरा वर्षांच्या त्या पोरीची मला फार आठवण आली. एवढ्या मोठ्या पाटिलकीचा प्रश्न, उत्तर हातात आलेलं, आणि ही विचारते, तिची चूक असेल तर धरत नाही. मी विचारलं असतं? छे! मी नाचले असते.

मधुअण्णाला फोन करून पत्ता मागितला. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. पत्ता तयारच होता.

लोंढ्याला आता मोठी लाईन झाली आहे. कोळशाचा वास गेला, ओल्या पाल्याचा तेवढा आहे. वत्सला हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाली, स्टेशनामागच्या रस्त्याला घर बांधलं. गाड्यांच्या शिट्ट्यांशिवाय वडलांना झोप येत नाही म्हणून गाव सोडलं नाही, असं मधुअण्णा म्हणाला होता. दार तिनंच उघडलं. केस सगळे पांढरे, चष्मा दोरीनं गळ्यात. माझ्याकडे बघत राहिली. ओळख लागली ते मला दिसलं, आणि ती दारातून बाजूला झाली नाही तेही दिसलं.

मी कार्ड पुढं केलं. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. पेन्सिलची ओळ दोनदा वाचली.

"वत्सला, मी तुझ्या वडिलांवर..." मी म्हणाले. "मी त्यांची माफी मागायला आलोय."

"त्यांना माहीत नाही," ती म्हणाली.

"काय माहीत नाही?"

"तुझं कार्ड. पोस्टमननं त्यांच्याच हातात दिलं होतं. त्यांनी घरी आणून मला दिलं. 'वाच वत्से, गोदा काय म्हणती.' आप्पांना अक्षर येत नव्हतं गं. अजून सहीपुरतंच येतं. कार्ड आलं की मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं, असंच होतं आमचं. दिवसभर थैल्या उचलून दमलेले असायचे, पण सातबावात काय झालं ऐकल्याशिवाय जेवायचे नाहीत."

थैल्यांतली कार्डं काढून वाचतात, असं मी लिहिलं होतं. त्यांना वाचताच येत नव्हतं.

"मग तू काय वाचलंस?"

"मनानं वाचलं. गोदानं मोहोर पुन्हा पळवली आणि दिवाळीला तीच पाटील झाली, खेळ संपला." तिनं कार्ड माझ्या हातात परत दिलं. "तेवढा एकदाच नियम मोडला मी. तुझ्या माणसाला माझ्या मनानं हलवलं." मग बाजूला झाली. "आत ये. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मी काही सांगणार नाही."

आप्पा मागच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. उंच माणूस, आता घडी पडल्यासारखा. कान गेलेले. वत्सलानं त्यांच्या कानाशी वाकून ओरडून सांगितलं, "आप्पा! वडगावची गोदा आली!"

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "गोदा? कासारीण?" दोन्ही हात पुढं केले. "ये, ये गं! बस. लई वर्सं वाट बघितली. कार्डं का थांबवलीस?" मी त्यांच्या पायाशी पाटावर बसले. ते माझ्याकडे निरखून बघायला लागले. "एक कोडं ऱ्हायलंय बघ माझं. मोहोर तर पाटलाच्या हातात आलती. मग तू जिंकलीस कशी?"

मी वत्सलाकडे बघितलं. ती दारात उभी होती आणि परसातल्या अळूकडे बघत होती.

"फसवून, आप्पा," मी म्हणाले.

"आं?"

"फसवून जिंकलो!" मी ओरडले. पलीकडच्या अंगणात एक बाई धुणं वाळत घालत होती, ती थांबून बघायला लागली. "मी फसवलं, आप्पा! पाटील सरळ होता! मीच फसवलं!"

आप्पा खदखदून हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मला तवाच संशय आलता. बोललो पण हिला. तर ही म्हणाली, न्हाय आप्पा, गोदा तसली न्हाय."